दाऊदभायची टूटू

कुवेतच्या कबुतरांना ‘बिस्मिल्ला’ हा शब्द कळायचा. बाकीच्यांचं मला माहीत नाही, पण आमच्या गोदामातल्या कबुतरांना नक्की कळायचा. दाऊदभायने तो उच्चारला की तुळयांवरची सगळी कबुतरं एकदम उठायची, पत्र्याखाली एक गोल फेरा मारायची आणि वरच्या झरोक्यातून समुद्राकडे निघून जायची. मग दाऊदभाय बार काढायचा. रिकाम्या तुळईवरून गोळी पत्र्यातून आरपार. पत्र्याला एक नवं भोक, आणि त्या भोकातून उन्हाचा एक नवा दोरा खाली तांदळाच्या पोत्यांवर.

“हुकलं,” तो म्हणायचा. “वाऱ्यावर असतं.”

बंद गोदामात कुठला आलाय वारा!

ही साठ सालाच्या आधीची गोष्ट. कुवेत शहरातल्या दस्मानजवळ, समुद्राला लागून, एका कुवेती व्यापाऱ्याचं धान्याचं गोदाम होतं. माझा नवरा इब्राहीम तिथे कारकून. गोदामाच्या मागे दोन खोल्या होत्या. एकीत आम्ही दोघं, दुसरीत दाऊदभाय. आमच्याच रत्नागिरीकडचा, खाडीपलीकडच्या गावचा. आधी कित्येक वर्षं बोटीच्या इंजिनात तेलवाला होता. मग इथे गोदामाची राखण करायला लागला. राखण म्हणजे चोरांपासून नव्हे. चोर तेव्हा तिथे फारसे नव्हतेच. उंदीर आणि कबुतरं मात्र होती.

त्यासाठी मालकाने आपलं बंदुकांचं कपाट त्याच्यापुढे उघडलं होतं म्हणे. कुठलीही घे. दाऊदभायने बारा बोरची दुनळी बाजूला सारली, हरणांची मोठी रायफल बाजूला सारली, आणि कोपऱ्यात पोरांच्या खेळण्यासारखी उभी असलेली पॉइंट टू टूची हलकी रायफल उचलली. सगळे हसले. त्याने तिचं नाव टूटू ठेवलं आणि त्या दिवसापासून दुसऱ्या कशावर बोलणं सोडून दिलं.

“बारा बोर म्हणजे नवीन जावई, भाबी. आवाज फार, काम काय नाय. उंदराला मारायला गेली तर पोतंपण फोडेल. मोठी रायफल म्हणजे मामलेदार. एवढ्याशा कामाला येणार, गाव हादरवून जाणार. टूटू बघ. आपल्या घरातल्या पोरीसारखी. पाहिजे तेवढंच बोलते.”

तिच्या काडतुसांतसुद्धा आखूड आणि लांब असे दोन प्रकार. गोदामात आखूड, वाळवंटात लांब. तिला तेल लावायचं नाही, कारण तिथली रेती तेलाला चिकटते आणि बंदूक घसा बसल्यासारखी अडते. म्हणून तो पेन्सिलीचं शिसं कुटून त्याची पूड बोटाने आत चोळायचा. आमच्या ह्यांच्या ऑफिसातल्या पेन्सिली कुठे जातात ते मला कळलं होतं, ह्यांना कळलं नव्हतं.

जेवायला तो आमच्याकडेच असायचा. मी मान खाली घालून तांदळाच्या भाकऱ्या थापायची आणि तो समोर बसून टूटू सांगायचा. तुम्ही काहीही विचारा, उत्तर बंदुकीचंच.

“दाऊदभाय, आमटी देऊ काय?”

“नळीच्या टोकाला जी माशी असते ना भाबी, ती केसाएवढी हलली तरी नेम हातभर सरकतो.”

“तुझी फातमा कशी आहे? गावाहून काही कळलं काय?”

“गोळी सुटली की तिला घरी परत यायची अक्कल नसते. ती पुढे कुठे जाणार ते आधी बघायचं. म्हणून मी कायम समुद्राच्या अंगाला मारतो.”

मी ह्यांना म्हणायची, “हा माणूस बंदुकीशी निका लावून बसलाय.” हे हसायचे. गोदामातले हमालही हसायचे. दाऊदभाय सगळ्यांच्या तोंडाकडे बघायचा आणि सगळ्यांच्या नंतर, जरा जास्तच, हसायचा.

त्याचा बिस्मिल्ला काही साधासुधा नव्हता. शिकारीत बार काढण्याआधी अल्लाचं नाव घ्यावं लागतं, नाहीतर खाल्लेलं हलाल होत नाही, हे आम्हाला सगळ्यांना माहीत. पण लोक ते ओठात म्हणतात. हा अजान दिल्यासारखा म्हणायचा. मी एकदा विचारलंही होतं, चांगलं समोर उभं राहून, की उंदीर काय कापून खायचाय काय तुला?

“सवय, भाबी,” तो म्हणाला. “आणि बार निघाला की आपली मालकी संपली. निघताना नाव घेतलेलं बरं.”

“पण एवढ्या मोठ्याने?”

“कुठे मोठ्याने? मी तर मनातच म्हणतो.”

मला वाटलं, चेष्टा करतोय.

दर दोन वर्षांनी कामाच्या माणसांना रजा मिळायची. मुंबईची बोट लागली की गोदामात लग्नघर व्हायचं. ट्रंका, दोऱ्या, कापडाचे तागे, खजुराचे डबे. दाऊदभाय सगळ्यांच्या ट्रंका बांधून द्यायचा, धक्क्यापर्यंत पोचवायला जायचा आणि परत यायचा. स्वतः कधीच गेला नाही.

“टूटूला कोणाच्या हाती देऊ?” म्हणायचा. “लोक तिला तेल लावतील.”

त्याची बायको फातमा चांगली बाई होती. मी तिला लग्नात बघितली होती. अंगाने बारीक, डोळे खाली, आणि बोलणं असं की शेजारी बसलेल्या बाईलाही वाकून ऐकावं लागे. ती तिकडे खाडीकाठी बसलीय आणि हा इथे बंदुकीला पेन्सिल चोळतोय, म्हणून मला त्याचा राग यायचा. तो मी कधी लपवला नाही. त्याला भाकरी वाढताना आपटून वाढायची.

एका वर्षी थंडीत चांगला पाऊस झाला. त्यानंतर वाळवंटावर थोडे दिवस गवत येतं. हिरवं म्हणावं इतकंही नसतं, लांबून हिरवं आणि जवळ गेलं की नाहीसं होणारं. एका जुम्म्याला नमाजानंतर आम्ही गोदामाच्या लॉरीतून तिकडे गेलो. मी डब्यात बांगडे आणि भाकऱ्या बांधून घेतल्या होत्या. वारा अजिबात नव्हता. लांब कुठेतरी उंटांचा कळप चालला होता, पण पाय दिसत नव्हते, नुसती अंगं तरंगत होती. आपण जागे आहोत की नाही असं वाटावं अशी दुपार.

दाऊदभायने रेतीच्या उंचवट्यापुढे तुपाचा रिकामा डबा ठेवला आणि मला म्हणाला, “भाबी, ये. तू मार.”

“मी? मला काय करायचंय मारून?”

“ये गो. काय चावत नाय.”

मी रेतीवर पोटावर पडले. आमचे हे लाजून दुसरीकडे बघायला लागले. दाऊदभायने माझ्या खांद्याला दस्ता लावून दिला.

“गाल चिकटव. अजून. लाकडाला गाल चिकटव, उशीवर ठेवतेस तसा. श्वास सोड. अर्धा सोडलास की थांब. आता चाप ओढू नको, नुसता दाबत राहा. ती सुटेल तेव्हा सुटेल.”

मी बिस्मिल्ला म्हटलं, ओठात. बार झाला. डबा उडाला.

हे टाळ्या वाजवायला लागले. दाऊदभायचं डब्याकडे लक्षच नव्हतं. तो माझ्या तोंडाशी तोंड आणून, अगदी डोळे मोठे करून विचारत होता, “गालात काय सांगितलं तिने? बोलली ना गालात?”

“खट् झालं काहीतरी,” मी म्हटलं.

“तेच,” तो म्हणाला. “तेच तिचं बोलणं.” आणि डबा आणायला गेला. त्या चमकत्या उजेडात गेला तो बराच वेळ परत आला नाही. तिथेच उभा होता. मी हाका मारल्या, चार हाका मारल्या. त्याने मान वळवली नाही. मला वाटलं, रुसला असेल, माझा नेम बसला म्हणून.

उन्हाळ्याच्या तोंडाला मुदीरने बंदुकीचं मनावर घेतलं. मुदीर म्हणजे मालकाचा मॅनेजर. बसऱ्याचा माणूस, जाडा, मुंबईला राहून आलेला, त्यामुळे हिंदी बोलायचा. गोदामात शिरला आणि वर बघत उभा राहिला. तोपर्यंत पत्र्याला इतकी भोकं झाली होती की दुपारी आत गेलं तर उन्हाचे दोरे हातमागावर लावल्यासारखे दिसायचे, आणि त्यांच्यातून पिठाची धूळ हळूहळू वर चढायची. मला ते आवडायचं. मुदीरला नाही आवडलं.

“ये क्या है?” तो म्हणाला. “परत तसा पाऊस पडला तर माझा सगळा तांदूळ इथेच शिजेल.”

त्याने हवेच्या दाबावर चालणारी छर्र्याची बंदूक आणून दिली. पत्र्याला नुसता पोचा पडेल, भोक पडणार नाही. शहाणपणाचीच गोष्ट होती. दाऊदभायने ती गालाला लावली, एक छर्रा भिंतीवर मारला आणि खाली ठेवली.

“ही मुकी हाय,” तो म्हणाला. “नुसती धक्का देते. बोलत नाय.”

“तुला बंदूक पाहिजे की बायको?” मुदीर म्हणाला. हमाल हसले. दाऊदभाय पण हसला, सगळ्यांच्या नंतर.

मग मुदीर म्हणाला, “शनिवारी मी येतो. माझ्यासमोर कबुतर पाडून दाखव. नाही पडलं तर बंदूक कपाटात.”

शनिवारी सकाळी सगळे जमले. मीही दारात उभी राहिले. कबुतरं तुळयांवर ओळीने बसली होती, घुमत होती. उन्हाचे दोरे लटकत होते. दाऊदभायने टूटू उचलली, गाल टेकवला, डोळा मिटला. आणि त्याचा चेहरा असा झाला की तो गोदामात नाहीच, कुठल्यातरी गार जागी निजलाय.

“बिस्मिल्ला!”

मुदीर दचकून पोत्यावर बसला. कबुतरं उठली, एक फेरा झाला आणि झरोक्यातून सगळी बाहेर. बार झाला. नवं भोक पडलं.

मुदीर उठला, कपडे झटकले, रिकाम्या तुळयांकडे बघितलं आणि त्याला हसू फुटलं. पोट धरून हसला.

“अरे, याला बंदूक कशाला पाहिजे? हा ओरडला की एक पाखरू थांबत नाही. बंदूक ठेवून द्या, आवाज राहू द्या. आणि याला रजा द्या. किती वर्षं घरी गेला नाही हा? पुढच्या बोटीने पाठवा. तिकीट माझ्याकडून. बोल, खूश?”

सगळे हसत होते, म्हणून दाऊदभायही हसला. मुदीरने मान हलवली, म्हणून त्यानेही हलवली. मग मुदीरने हात पुढे केला आणि टूटू त्याच्या हातातून काढून घेतली. हसू दाऊदभायच्या तोंडावर तसंच राहिलं, पण डोळे एकेकाच्या तोंडावर फिरायला लागले. ह्याच्या तोंडावर, त्याच्या तोंडावर. आपण कशाला हो म्हटलं ते शोधत होते.

तेव्हा मला कळलं. आमटी, फातमा, वाळवंटातल्या चार हाका, सगळं एकदम कळलं. मी काही फार हुशार नाही, पण मेलं एवढं कळायला मला इतकी वर्षं लागावीत!

दुपारी तो आमच्या दारात येऊन बसला. मी शिवणयंत्रावर उशांचे अभ्रे शिवत होते. त्याने बंदुकीचं काही सांगितलं नाही. बसल्या बसल्या हळूच पुढे सरकला आणि मशीनच्या फळीवर गाल टेकवला. मी पाय थांबवले नाहीत. त्याने डोळे मिटले.

“बोट सुटल्यासारखं वाटतं, भाबी,” तो म्हणाला. “इंजिन असंच बोलायचं.”

मी कापड काढून घेतलं आणि मशीन तसंच रिकामं चालवत राहिले. सुई वरखाली होत राहिली. बाहेर समुद्र पांढरा झाला होता, दिसत नव्हता. बऱ्याच वेळाने मी पाय थांबवले, त्याचा चेहरा माझ्याकडे वळवला आणि तोंड उघडून, एकेक शब्द सुटा करून विचारलं.

“कधीपासून?”

तो म्हणाला, “बोटीवरच सुरू झालेलं. मुदीरला सांगू नको. बहिऱ्याला कोण राखण देईल?”

“मुदीरचं सोड. त्याने तुला रजा दिलीय. पुढच्या बोटीने घरी जायचंय तुला. त्यालाच तू मान हलवलीस.”

एवढा मोठा माणूस, तापलेल्या इंजिनाशी जन्म काढलेला, फळीची कड धरून बसला.

“मी नाय जाणार. फातमा हळू बोलते, भाबी. तुला म्हायती हाय. पहिल्या दिवशीच तिला कळेल. मग ती ओरडून बोलायला लागेल. सगळी आळी ऐकेल. तिला असं ओरडायला लावू काय मी? तिचा आवाज मना जसा आठवतो, तसाच राहू दे.”

मला रडूबिडू येत नाही. मला रागच आला. मी मशीनवर थाप मारली. ती त्याच्या हाताला लागली असणार, कारण त्याने वर बघितलं.

“वेड्या, ओरडायचं कशाला? लाकडाला गाल लावून बंदूक ऐकतोस, फळीला गाल लावून मशीन ऐकतोस. ती तर तुझी बायको आहे. गालाला गाल लावून बोलायला सांग तिला. आळीला काय ऐकू जातंय!”

दाऊदभाय कानापर्यंत लाल झाला. उठला आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. पण बोटीच्या दिवशी त्याची ट्रंक सगळ्यांच्या आधी बांधून तयार होती.

तो गेल्यावर गोदाम शांत झालं आणि कबुतरं चांगली माजली. पत्र्याची भोकं डांबराने बुजवली. उन्हाचे दोरे गेले, आत नुसता अंधार राहिला.

गावाकडचा पावसाळा संपल्यावर तो परत आला. रात्री जेवायला बसला. मी भाकरी वाढली, आपटली नाही. टूटूचं त्याने नाव काढलं नाही. मी त्याच्या समोर बसले आणि तोंड नीट उघडून विचारलं, “फातमा कशी आहे?”

त्याने भाकरीचा तुकडा खाली ठेवला आणि हात उचलून आपल्या उजव्या गालावर ठेवला.

“बोलते,” तो म्हणाला.