चपलांना कुलूप

नाफडेकाका देवळात जाताना चपलांना कुलूप लावायचे. थट्टा नाही करत. सायकलची साखळी दोन्ही पट्ट्यांतून ओवून थेट खांबाला. आत देवी, बाहेर चपला, आणि काकांचं निम्मं लक्ष बाहेर. कोणी हसलं की म्हणायचे, "पब्लिक आहे, भिया. पब्लिक काहीही करेल."

देवासच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. रिटायर होऊन धारला आले, आणि आमच्या बस अड्ड्यावर चौकशीचा कॉम्प्युटर बसवायचं काम अंगावर घेतलं. मशीन एक, पडदे दोन. एक बाहेर, पब्लिकनं गाडीची वेळ बघायला. दुसरा आत, माझ्यासमोर.

मी माइकवर गाड्या पुकारायचो. शाळा मी दुसरीत सोडली, मास्तरांनी पेढे वाटले. आकडे तेवढे येतात, अक्षरांशी बोलचाल नाही. ही गोष्ट अड्ड्यावर कोणाला माहीत नव्हती. गाड्या मी पत्र्याचे पोचे बघून ओळखायचो.

मॅनेजर म्हणाला, "मशीन लगते ही टाइम स्क्रीन पर आएगा. जो पढ़ सके, वही माइक पर बैठेगा."

सगळ्यांत जोरात मान मी हलवली.

काकांनी चार दिवस घेतले. कॉम्प्युटरचा डबा लोखंडी पेटीत, पेटीला तीन कुलपं. माऊसचं उजवं बटण उपटून खिशात. कीबोर्ड रोज पिशवीतून घरी जायचा, सुनेच्या हाती लागू नये म्हणून कपाटात. पब्लिकनं गाड्यांच्या पानाबाहेर पाऊल टाकायचं नाही, बस्स. एवढी बंदी तर जेलातही नसेल.

एकदा बाहेरच्या पडद्यावरचा माऊसचा बाण गायब झाला. काका किंचाळले, "बाण फरार!" मी टेबलाखाली शिरून शोधायला लागलो. तो माझ्या पडद्यावर येऊन बसला होता. काका म्हणाले, "गण्या, तुझ्यापेक्षा तो हुशार." मग त्याचाही रस्ता बंद केला.

शेवटच्या दिवशी त्यांनी नव्या वेळांची यादी माझ्या हातात दिली. "वाच, मी टाइप करतो."

मी खडाखडा वाचली. आकडे कागदावरचे, नावं डोक्यातली. बाग, मोहनखेडा, देवास, जसं दहा वर्षं पुकारत होतो तसंच. नव्या यादीत क्रम बदललाय हे मला कोण सांगणार?

काकांनी पडदा बघितला, कागद बघितला. "देवासची गाडी मोहनखेड्याच्या वेळेला चालली, भिया."

"चष्मा घरी राहिला, काका."

"तू चष्मा कधी लावतोस?"

"घरी."

काका माझ्याकडे बघत राहिले. मग "बावळट!" म्हणून कागद ओढून घेतला. मी समजलो, उद्यापासून आपण घरी. चष्म्याशिवाय.

सकाळी मॅनेजर आला, चार कंडक्टर आले. माझा पडदा उघडला. बाहेर सगळी अक्षरं, माझ्याकडे चित्रं. बागपुढे तिथल्या कापडावरच्या छापाचं फूल, मोहनखेड्यापुढे देवळाचं शिखर, देवासपुढे देवीची टेकडी. शेजारी वेळा.

मॅनेजर म्हणाला, "ये क्या है, बच्चों की किताब?"

"साहब," काका म्हणाले, "ये गण्या एक नंबर का ढीला आदमी है. पढ़ने बैठेगा तो बस निकल जाएगी. फोटो जल्दी दिखता है."

सगळे खदाखदा हसले. सगळ्यांत जोरात मीच. माइक धरला आणि पुकारलं, "नौ बीस, देवास!" मॅनेजर ऐकून निघून गेला.

काकांनी पेटीची तिन्ही कुलपं पुन्हा एकदा ओढून बघितली, पिशवी उचलली आणि समोरच्या देवळाकडे निघाले. दोन पावलं जाऊन परत आले. चपला काढून माझ्या खुर्चीजवळ ठेवल्या. साखळी हातातच होती.

"बघ जरा," म्हणाले. "आणि घालून बघू नकोस. तुझे पाय फताडे आहेत."

अनवाणी गेले. एकदाही मागे बघितलं नाही.