चोपीनोतला मेलेला खेकडा

कागदी पिशवी रिकामी दिसली आणि रेंझोच्या पायाखालची जमीन सरकली. मघाशी त्यानेच तिच्यात मेलेला खेकडा टाकून ती मागच्या दाराशी ठेवली होती. मेव्हण्याने, नेल्लोने, होडीवरून बर्फात घालून आणलेल्या खेकड्यांत तो एकटाच निपचित पडला होता. मेलेला खेकडा रश्शात गेला की विषच, हे कोळ्याच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मग तो गेला कुठे? घाईत आपणच तर नाही ना...

रेंझोने डाव फिरवून पाहिला. टोमॅटोच्या लालभडक चोपीनोत, या इटालियन कोळी रश्शात, नांग्या, शिंपल्या, कोळंबी, माशाचे तुकडे सगळे गुण्यागोविंदाने उकळत होते. त्यातला आधीच मेलेला कोण, हे आता देवच जाणे.

आणि नेमका आज नाताळच्या आदल्या दिवशीच्या स्वयंपाकाचा मान त्याला मिळाला होता. चोपीनो पसंत पडला, तर तो ज्यात शिजत होता ते आजेसासूच्या वेळचं तांब्याचं पातेलं त्याच्या घरी जाणार होतं. लग्न झाल्यापासून सॅन फ्रान्सिस्कोच्या या कोळ्यांनी विमा कचेरीतल्या कारकुनाला माणसात धरलं नव्हतं.

"दाजी, आणताय की झोपलात?" बाहेरून नेल्लो ओरडला.

"मीठ जास्त पडलंय रे! आज नुसता पास्ता खाऊ या का?"

"आजच्या दिवशी? माझ्या घरात?" सासूबाई असुंता गळ्यात रुमाल बांधूनच आत आल्या आणि पातेलं उचलून घेऊन गेल्या.

सगळे तुटून पडले. रेंझोने वाडगा भरलाच नाही.

"तू का नाही खात?" बायकोने, लोरेट्टाने विचारलं.

"वास घेऊनच पोट भरलं."

सासूबाईंनी पावाने वाडगा पुसला आणि पुन्हा पुढे केला. "जमलंय हो कारकुनाला! जावईबापू, पातेलं तुमचं."

एवढ्या वर्षांत कानावर पडलेला हा पहिला चांगला शब्द. रेंझोला रडू फुटलं.

"मम्मा, खाऊ नका! त्यात मेलेला खेकडा गेलाय!"

चमचे जागच्या जागी थांबले. सासूबाईंचा हात पोटावर गेला. "तरीच! मघापासून मुरडा येतोय."

"लोरेट्टा, माझी होडी तुला गं," नेल्लो खुर्चीतच आडवा झाला. लोरेट्टा फोनकडे धावली.

तेवढ्यात मागच्या दाराशी खरखर झाली. नेल्लोच्या रबरी बुटातून आधी एक नांगी वर आली, मग दुसरी, आणि खेकडा ऐटीत खाली उतरला.

नेल्लो ताडकन उठला. "अहो दाजी, बर्फात सुन्न पडतो तो! ऊब लागली की उठतो. मेला म्हणे!"

सगळ्यांचे मुरडे एका क्षणात पळाले. सासूबाईंनी दोनदा वाढून घेतलं. पातेल्याचा विषय मात्र कुणी काढला नाही, आणि रेंझोची विचारायची छाती झाली नाही.

निघताना सासूबाईंनी पातेलं त्याच्या हातात दिलं. झाकण सुतळीने घट्ट बांधलेलं होतं.

"शब्द म्हणजे शब्द. घेऊन जा."

रेंझोचे डोळे भरून आले. पातेलं छातीशी धरून तो जिना उतरला, आणि अर्ध्या जिन्यात आतून कुणीतरी झाकण खरवडायला लागलं.

"उद्या जेवायला आम्ही तुमच्याकडे!" वरून सासूबाईंचा आवाज आला. "आणि या खेपेला नीट बघून टाका!"