किती कांड्या?

मोहितेकाका कधी "कसा आहेस?" असं विचारत नाहीत. "किती कांड्या?" असं विचारतात. कांड्या म्हणजे मोबाइलच्या कोपऱ्यातल्या, नेटवर्कच्या. चार सांगितल्या तर गुजराती ठसक्यात "मजामां!", म्हणजे मजेत, म्हणून पाठ थोपटतात. एक सांगितली की आपल्याला टायफॉइड झाल्यासारखा चेहरा करतात.

काकांची अख्खी नोकरी इस्पितळं, मॉल असल्या इमारतींत नेटवर्क पोचवण्यात गेली. त्यामुळे कुठंही गेले की आधी छताकडे बघतात. प्रतापनगरला माझ्या मेव्हण्याच्या लग्नात मंगलाष्टकं चालू, आणि काका मान वर करून उभे! शेवटी गुरुजीही घाबरून वर बघायला लागले.

छाणीची आमची सोसायटी नवी, उंच आणि भिंती अशा, की घरात फोन लागायचाच नाही. काकांनी कमिटीचं आणि फोन कंपनीचं डोकं खाऊन फायबर आणवली. मला समजावलं, तेही चहा पिता पिता.

"जो भाई, सिग्नल म्हणजे उकळता चहा. तांब्याच्या तारेतून वर पाठवलास, तर पोचेपर्यंत गार. म्हणून खालच्या पेटीत त्याचा उजेड करायचा. तो काचेच्या केसाएवढ्या तारेतून वर जातो. ती फायबर, म्हणजे आपला थर्मास! वरची पेटी उजेडाचा परत सिग्नल करते, आणि छताची बशी, म्हणजे अँटेना, तो हळूच वाटते. गच्चीवरून एकानं बोंबलण्यापेक्षा मजल्यामजल्यावर एकेकानं हळू बोलावं. समजला?"

समजला. प्रत्येक मजल्याच्या पॅसेजमध्ये पांढऱ्या बश्या लागल्या. जागा काकांनी स्वतः खडूनं आखल्या. फक्त तळमजल्यावर, लिफ्टच्या मागं, त्यांच्या स्वतःच्या दाराशी बशी नाही. दिव्याखाली अंधार! विचारलं तर म्हणाले, "तिथं भिंत जाड आहे." वायफाय घ्या म्हटलं, तर म्हणे, "छे! आयुष्यभर मोठाली कामं केली, आता ती डबी लावू?"

म्हणून त्यांची मुलगी अश्विनी कॅनडाहून आमच्याकडे फोन करते. मी चौथ्या मजल्यावरून खाली जाऊन हाक मारतो, काका वर येतात. बोलतात जरासं, बसतात जेवणापर्यंत. "कांड्या आमच्या, चहा आमचा, आणि ऐट बघा काकांची!" असं माझी बायको सुनीता त्यांच्या तोंडावर म्हणते. काकी गेल्यापासून त्यांना असं बोलणारं दुसरं कुणी नाही.

गेल्या रविवारी सकाळी जावयाचा फोन आला. अश्विनीला बाळंतपणासाठी नेलंय, पण अडलंय, ऑपरेशन करताहेत. काका आमच्या सोफ्यावर बसले. सुनीतानं आणलेली शेव-उसळ तशीच राहिली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कांड्या विचारल्या नाहीत. नुसता माझा फोन दोन्ही हातांत धरून बसले. मला तर त्यांच्याकडे बघवेना.

फोन वाजला. जावई ओरडतच होता, "बाबा, मुलगी! दोघी सुखरूप!" आणि मागून बाळाचं रडणं, अगदी खणखणीत. आमचा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. काका ढसाढसा रडले, मग नाक पुसत म्हणाले, "आवाज कुठंही तुटला नाही, बघितलंस?"

मला इतकं बरं वाटत होतं, की उत्साहात बोलून गेलो, "काका, आता बास! उद्याच तुमच्या दारात बशी लावून घेऊ. नातीचा आवाज घरात ऐका."

काका उसळीत चमचा फिरवत राहिले.

"नको रे," ते म्हणाले. "मग फोन माझ्याच खिशात वाजेल. तू खाली हाक मारायला कशाला येशील?"

सुनीतानं त्यांची गार उसळ उचलली आणि गरम वाढून आणली.

"लावा हो बशी खुशाल," ती म्हणाली. "हाक मारायला मी येईन. रोज. फोन असो नसो."

काकांनी मान वर केली आणि कितीतरी वेळ छताकडे बघत राहिले. तिथं पंख्याशिवाय काहीच नव्हतं.