नऊ नंबरचा सूर्योदय

थंडीत आपल्या शहरात काय काय करावं, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही! आमच्या वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत ‘हिवाळ्यात करण्यासारख्या दहा गोष्टी’ हे थंडीभर चालणारं सदर गेली अकरा वर्षं मीच लिहितो. तळ्यातली नौका, वस्तुसंग्रहालय, फुलांचं प्रदर्शन, परदेशी पक्षी. आणि हे सगळं पांघरुणातून पाय बाहेर न काढता! मागच्या वर्षीची यादी घ्यायची, चार नंबर सातवर टाकायचा, ‘रम्य’ खोडून ‘नयनरम्य’ करायचं. झालं काम!

या वर्षी मात्र माशी शिंकली. संपादकांना टाइप केलेली पत्रं येऊ लागली. ‘तळ्यातली नौका तीन वर्षांपूर्वीच बुडाली आहे. लेखकाने ती कुठे पाहिली?’ ‘वस्तुसंग्रहालय रविवारी बंद असतं. लेखक आत कसे शिरले?’ खाली सही: एक जागरूक वाचक.

तिसऱ्या पत्रानंतर संपादकांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“आणखी एक पत्र आलं, की सदर दुसऱ्याकडे!”

खरं सांगतो, त्या सदराशिवाय मला ऑफिसात कोण विचारतो? सदर गेलं तर उरला शब्दकोड्याचे चौकोन मोजणारा एक गृहस्थ.

हा घरभेदीच असणार, याबद्दल मला शंका नव्हती. कोण, एवढाच प्रश्न होता. प्रूफं तपासणारे काका त्या दिवशी म्हणाले, “काय, बरं आहे ना?” अकरा वर्षांत कधी विचारलं नाही, आजच का? फोटोग्राफर मला पाहून हसला. का हसला? लिफ्टवाल्याने न विचारता माझा मजला दाबला. याला माझ्याबद्दल इतकी माहिती कशी? मेव्हणा तर लग्नाच्या दिवसापासूनच संशयित! सगळ्या शहरात माझा संशय नव्हता तो फक्त बायकोवर. ती बिचारी हिवाळ्यात दर रविवारी सकाळी बहिणीकडे जाते, दुपारी लाल नाक घेऊन परत येते आणि निमूट कामाला लागते.

मग मी सापळा रचला. नव्या यादीत नऊ नंबरवर लिहिलं: ‘जुन्या पाण्याच्या टाकीमागच्या टेकाडावरून धुक्यातला सूर्योदय. रविवारी पहाटे सहा. जोडीदारासोबत जरूर जा.’ टेकाड आहे हे मला नकाशावरून माहीत होतं. तिथून काय दिसतं, देव जाणे! पण असल्या गारठ्यात तिथे कोण कडमडणार? तपासायला आलेला तो जागरूक, दुसरं कोण? खरे वाचक माझ्यासारखेच पांघरुणात पडून वाचत असणार, याची मला खात्रीच होती.

यादी छापून आली आणि पुढच्या रविवारी बायको उठायच्या आत मी कपडे केले. दारातून हळूच म्हणालो, “तातडीची मीटिंग आहे.”

“बरं,” ती पांघरुणातून म्हणाली. “मीही जाईन मग ताईकडे.”

टेकाड चढून वर पोहोचलो आणि माझी बोबडीच वळली. धुक्यात दोनशे माणसं उभी होती! मफलर, थर्मास, दुर्बिणी, घडीच्या खुर्च्या, एक आजोबा तर व्हीलचेअरवर! आता यात माझा शत्रू शोधायचा कसा?

तेवढ्यात एक जाडजूड गृहस्थ वहीत काहीतरी टिपताना दिसले. मी झडप घालून त्यांचा हात धरला.

“सापडलात! लिहा, लिहा काय लिहायचं ते!”

“अहो, मी पक्षी मोजतोय!” ते किंचाळले. “उडवलात ना सगळे!”

गर्दी जमली. मी घाईघाईने सारवासारव केली, “माफ करा, नऊ नंबर मीच लिहिलाय.” बस्स! सगळे माझ्यावर तुटून पडले.

“अहो लेखक, सूर्य कुठून येणार?”

“आम्ही तासभर काकडतोय!”

“आजोबांची खुर्ची कुठे लावू?”

अकरा वर्षांत मी सूर्योदय पाहिला नव्हता. पण लेखकाने डगमगून कसं चालेल? मी ठामपणे हात केला. “तिकडे!”

दोनशे माणसं वळली. आजोबांची खुर्ची वळवली. कॅमेरे रोखले गेले. वीस मिनिटं आम्ही श्वास रोखून धुक्याकडे बघत राहिलो. मग माझ्या मानेला ऊब लागली. सूर्य आमच्या पाठीमागून केव्हाच हातभर वर आला होता!

लोक काय काय म्हणाले ते इथे छापता येणार नाही. पांगापांग झाल्यावर टाकीच्या कठड्यावर कानटोपी घातलेली एक बाई गुडघ्यावर कागद ठेवून लिहीत बसलेली दिसली. मी मागून डोकावलो. ‘...लेखकाने सूर्योदय पश्चिमेला दाखवला.’

“म्हणजे तुम्हीच!” मी ओरडलो.

तिने वर पाहिलं. “अहो! तुमची मीटिंग ना?”

“तू ताईकडे ना?”

तिने पेनाला टोपण लावलं. मग म्हणाली, “अकरा हिवाळे झाले. तुम्ही लिहिलेली एकेक जागा मी बघून आले. तळं एकटीने, प्रदर्शन एकटीने. आणि प्रत्येक ठिकाणी तुमचं आपलं, जोडीदारासोबत जरूर जा! मला वाटलं, निदान खातरजमा करायला तरी एकदा घराबाहेर पडाल.”

मला फार वाईट वाटलं. मी तिच्या शेजारी बसलो. तिने थर्मासमधला चहा दिला. थोड्या वेळाने मी हळूच विचारलं, “हे पत्र आता पाठवणार नाहीस ना?”

“सूर्य पश्चिमेला दाखवलात की नाही?”

“दाखवला.”

“मग?”

पत्र सोमवारी पोहोचलं, या वेळी खाली खऱ्या नाव-पत्त्यासह. संपादकांनी मला केबिनमध्ये बोलावून सदर काढून घेतलं आणि त्या जागरूक वाचकालाच दिलं. आता यादी बायको लिहिते. दर रविवारी पहाटे मला सोबत नेते आणि यादीखाली न चुकता एक टीप छापून येते: ‘वरील सर्व ठिकाणं लेखिकेने स्वतः पाहिली आहेत. साक्षीदार घरी आहे, त्याला ताप आहे.’