तोंडी हुकूम

सॉलोमनकाकांना नुसतं "जरा मीठ द्या" म्हटलं, तरी आधी खिशातून वही निघायची. तारीख, वेळ, "मीठ देण्याचा तोंडी हुकूम", सांगणाऱ्याचं नाव. मग मीठ. तोवर माझी भाजी गार!

काका अलिबागकडचे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. मुंबईत एका कचेरीत हेडक्लार्क होते. एकोणीसशे सत्तरच्या सुमारास टोरांटोला आले आणि आमच्या बिल्डिंगचे सुपर झाले, म्हणजे देखभाल करायची आणि रिकाम्या जागा दाखवायच्या. माणूस एकटा. बेसमेंटमधली खोली नोकरीबरोबर मिळालेली, नोकरी गेली की तीही जाणार.

"नोंद केली की जबाबदारी सांगणाऱ्याची. आपण सुटलो!" हे त्यांचं ठाम मत.

एकदा बिल्डिंगच्या मालकाचा फोन आला. आहेत तेवढे काळे-सावळे भाडेकरू पुरेत, नवे आले तर जागा गेली म्हणून सांग. काकांनी इमानेइतबारे नोंद केली. त्याच आठवड्यात एक जमैकन नर्स छोट्या मुलीला घेऊन जागा बघायला आली, तिला तसं सांगितलंही. दुसऱ्या दिवशी तिची गोरी मैत्रीण आली. तिला तीच जागा दाखवली!

नर्सने सरळ मानवी हक्कांच्या ऑफिसात कम्प्लेंट केली. नोटिशीवर मालकाच्या खाली काकांचंही नाव.

"माझं कसं? हुकूम त्याचा!" काकांनी तिथे फोन केला. भेदभावाला मदत करणाराही जबाबदार असतो, असं उत्तर मिळालं.

मालक खाली येऊन गोड बोलून गेला. मी असलं काही सांगितलंच नाही, तुझाच गैरसमज झाला, एवढं म्हण. नोकरी राहील, खोलीही राहील.

मी भडकलो. "काका, ती वही आधी फाडा! सगळं माहीत असून केलंत, हे तुमच्याच अक्षरात आहे."

चौकशीच्या दिवशी मी शेजारी बसलो होतो. काकांनी वही काढली आणि टेबलावर ठेवली.

"हुकूम त्यांचा," ते म्हणाले. "खोटं मी बोललो."

आठवड्याभरात खोली रिकामी करावी लागली. ट्रंक घेऊन माझ्याकडे आले, तेव्हाही माझं तोंड गप्प बसेना.

"काय मिळवलंत? साठीला आलात, आता कुठे जाणार?"

काका ट्रंकेवर टेकले.

"जागा गेली म्हटलं, तर ती बाई पोरीला म्हणाली, अंकलना थँक यू म्हण. पोरगी म्हणाली रे. जाताना वळून हात हलवला."

त्यांनी डोळे पुसले.

"आणि मीही हलवला."