भिंतीला पाजणारे तात्या

आमचे शेजारी तात्या भिंतीला स्टेथोस्कोप लावायचे. थट्टा नाही. जनावरांच्या दवाखान्यातून कंपाउंडर म्हणून रिटायर झाले, तेव्हा तो जुना स्टेथोस्कोप त्यांच्या गळ्यातच राहिला. मग म्हशी-शेळ्या सुटल्या आणि भिंती सुरू झाल्या. चालता चालता थांबायचे, टिचकी मारायचे, डोळे मिटून ऐकायचे आणि निदान सांगायचे, "पोकळ बोलून राहिली. पोटफुगी हाय."

माझ्या सासऱ्यांनी हौसेनं सिमेंटचं घर बांधलं. वास्तुशांतीच्या पंगतीतून उठून तात्यांनी त्याचीही तपासणी केली आणि भर मांडवात म्हणाले, "हे मुकंच जन्मलं." सासरे पुढं कित्येक दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. तात्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

कुरुंद्याच्या पलीकडचं आमचं गाव. नव्वदच्या दशकात बायकांसाठी जागा राखीव झाल्या आणि मी ग्रामपंचायतीवर निवडून आले. पहिल्याच बैठकीत विषय निघाला गावच्या वेशीचा. जुनी, दगड-चुन्याची वेस. मधे कधीतरी कुणीतरी तिला सिमेंटचा गिलावा केला होता. तो फुगला होता, आणि बाजाराच्या दिवशी त्याची खपली एका शेळीच्या शेजारी पडली. शेळी वाचली, पण सरपंच म्हणाले, "पाडून टाकू. लोखंडी कमान करू."

सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात तात्या आत घुसले.

"काहून पाडता? आजारी जनावर कापता का तुमी?"

"तात्या, वेस म्हातारी झाली आता," सरपंच म्हणाले.

"म्हातारी न्हाई, घुसमटली! चुन्याची भिंत दम घेती. तुमी तिला रबराचा कोट घातला. घाम कुठून जाईल? आतल्या आत सडून राहिली. कोट काढा, चुना लावा. जीव हाय अजून!"

सगळे हसले. मला मात्र त्यांचं म्हणणं एकदम पटलं. "दिवाळीपर्यंत मुदत देऊ," मी म्हणाले. बैठकीतलं माझं ते पहिलंच वाक्य. सरपंचांनी चमकून पाहिलं, पण मुदत मिळाली.

मग गावात जी धांदल उडाली! चुना मळायची जुनी घाणी, म्हणजे गोल चर आणि त्यात फिरणारं दगडी चाक, देवळामागं उकिरड्यात पुरली होती. ती उपसली. बैलजोडी जुंपली, पण बैल हलेनात. शेवटी तात्या स्वतः पेंडीचं टोपलं घेऊन पुढं आणि बैल मागं, अशी मिरवणूक गोल गोल फिरू लागली. बायांनी पदर खोचून वाळू चाळली. पोरांनी बेलफळं आणली. गूळ, हिरडा आणि बेलाचा गर पिपांत भिजत पडला. ते पाणी चुन्यात घालायचं होतं.

उन्हानं ते पाणी आंबलं आणि गावभर घमघमाट सुटला. वास काढत पोलीस ठाण्याचे एक जमादार आले.

"हातभट्टी कोणाची ही?"

"वेशीची," तात्या शांतपणे म्हणाले.

"वेस दारू पिते का?"

"पिती साहेब. पन पिऊन पडत न्हाई, उभी राहती!"

जमादारांनी पिपात बोट बुडवून चाखलं, तोंड वाकडं केलं आणि निघून गेले. गाव पोट धरून हसलं.

सिमेंटची सालपटं निघाली तसे आतले दगड दिसू लागले. रोज संध्याकाळी माणसं नुसती बघायला यायची. चुना लागला, लाकडी थापीनं ठोकला गेला. शेवटची घोटाई मात्र तात्या कुणाला करू देईनात. आमच्या गल्लीच्या तोंडापासून वेशीतल्या, बायका बसायच्या त्या ओट्यापर्यंतची भिंत गुळगुळीत दगडानं घासून त्यांनी आरशासारखी केली. "बास की आता," गवंडी वैतागून म्हणाले. तात्या म्हणाले, "अजून खरबडीत हाय."

दिवाळीच्या तोंडावर हलगी वाजली, नारळ फुटला. सरपंचांनी तर भाषणात वेस वाचवायची कल्पना स्वतःचीच असल्याचं सांगून टाकलं. तात्या कुठंच दिसेनात. मी शोधायला गल्लीत वळले.

ते त्यांच्या बायकोला, आमच्या काकूंना, हाताला धरून येत होते. काकू किती तरी दिवसांत घराबाहेर पडल्या नव्हत्या. गुडघे दुखतात, एवढंच आम्हाला ठाऊक. भिंत सुरू झाली तिथं तात्यांनी त्यांचा हात सोडला. काकूंनी तळवा भिंतीवर टेकवला आणि तो सरकवत सावकाश, एकट्या चालू लागल्या. पायापुढं टोपली पडली होती, ती त्यांना दिसली नाही. तात्यांनी धावत जाऊन उचलली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

"तात्या, कधीपासून?"

"नांदेडला दाखवलं. इलाज न्हाई म्हनले." त्यांचा आवाज कधी नव्हे इतका खाली आला होता. "भिंतीच्या आधारानं जायची ती. शिमिटानं हात सोलून निघायचा. मंग जायचंच सोडलं. कोनाला सांगू नका म्हनली."

काकू ओट्यापाशी पोचल्या. तिथं बायका बसल्या होत्या, त्यांचं बोलणं थांबलं.

"गप काहून झाल्या गं?" काकू म्हणाल्या. "सरका की जराशा."

बायका सरकल्या.