ठणठणीत असल्याचा दाखला

सोदिक खोटं बोलला ते फक्त एक वाक्य, आणि तेही तोंडात घास असताना.

मंगळवारी सकाळी मुकद्दस त्याचा सदरा धुवायला घेत होती. खिशातून एक चिठ्ठी निघाली. तिने ती उजेडात धरून मोठ्याने वाचली, “मानसोपचार तज्ज्ञ, शुक्रवार, दहा वाजता.” मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, “अहो, हे काय?”

“लायसन्सचा दाखला,” सोदिक म्हणाला.

खोटं म्हणून हे उत्तम होतं. गाडी चालवायचं लायसन्स हवं तर डोळ्यांचा डॉक्टर, कानाचा डॉक्टर आणि मानसोपचारवाला, तिघांचे शिक्के लागतात, हे मर्गिलान शहरात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मानसोपचारवाल्याच्या दवाखान्यात जायला शहाण्या माणसाकडे हे एकच कारण असतं. त्यामुळे मुकद्दसला संशय आला नाही. सोदिकचा हिशेब इथपर्यंत बरोबर होता. बावन्नाव्या वर्षी माणूस लायसन्स कशासाठी काढतो, हा पुढचा प्रश्न मात्र त्याने सोडवलाच नव्हता. तो मुकद्दसने सोडवला.

खरी गोष्ट अशी होती. सोदिक लग्नाचा पुलाव करणारा आचारी. तीनशे माणसांची कढई तो तेवीस वर्षं एकटा सांभाळत होता. गेल्या चार महिन्यांपासून मात्र मांस आणि गाजरं परतून झाली, तांदूळ पसरून पाणी ओतायची वेळ आली, की त्याच्या छातीत धडधडायचं, हात थरथरायचे, आणि आपण आता इथेच, या कढईत तोंड घालून मरणार अशी खात्री वाटायची. दहा-बारा मिनिटांत सगळं ओसरायचं. हृदयाच्या डॉक्टरांनी दोनदा कागदावर आलेख काढला आणि म्हणाले, “तुमचं हृदय माझ्यापेक्षा चांगलं आहे. तुम्ही मानसोपचारवाल्यांकडे जा.” सोदिकने दोन लग्नं पाठ दुखते म्हणून परत पाठवली होती. पण पाठ किती लग्नं दुखणार? आणि आचाऱ्याच्या डोक्यात काहीतरी बिघडलंय असं एकदा मोहल्ल्यात पसरलं, की त्याच्या हातात झारा कोण देणार?

म्हणून हे गुपित. दवाखान्यातल्या नर्सने फोनवर सांगितलं होतं, “घेत असाल ती सगळी औषधं लिहून आणा, झाडपाल्याचीसुद्धा. त्रास कधी होतो, किती वेळ राहतो, लिहून काढा. पहिल्या भेटीत नुसतं बोलायचंच असतं, कुणी काही टोचत नाही. आणि घरचं एक माणूस सोबत आणा.” सोदिकने पहिल्या दोन गोष्टी गाजरांची मापं लिहायच्या वहीत अगदी तारीखवार लिहिल्या. चौथी त्याने ऐकलीच नाही असं ठरवलं.

दुपारपर्यंत मुकद्दसने बहिणीला, हुरियाला, फोन केला होता. हुरियाला एखादी गोष्ट सांगणं आणि मशिदीच्या कर्ण्यावरून सांगणं यात फरक एवढाच, की कर्णा मध्ये मध्ये थांबतो. संध्याकाळी सोदिक नानवाल्याकडे गेला तर नानवाल्याने तंदुरातून डोकं बाहेर काढून हात छातीवर ठेवला.

“मुबारक, सोदिक-आका! पांढरीच ना?”

“काय पांढरी?”

“मग काय काळी गाडी घेणार? उन्हात भाजून निघाल. पांढरीच घ्या.” आणि त्याने दोन नान जास्त दिले.

नाही म्हणायची हीच वेळ होती. पण नाही म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार, मग दाखला कशाला? सोदिकने नान बगलेत मारले आणि म्हणाला, “बघू.” हे ‘बघू’ मोहल्ल्याने होकार म्हणून नोंदवून घेतलं.

बुधवारी तो बाजारातून घरी आला तर फाटकाचा उंबरठा जागेवर नव्हता. चाळीस वर्षांचा वीटभर उंचीचा उंबरठा तुकडे होऊन भिंतीशी पडला होता, आणि मेव्हणा ओलिमजोन घणावर हनुवटी टेकवून घाम पुसत होता.

“पोच्चा, आता चाकं सरळ आत येतील,” तो म्हणाला. बहिणीच्या नवऱ्याला ओलिमजोन फार मानाने पोच्चा म्हणे, आणि त्या मानापोटी त्याने आजवर सोदिकचं बरंच काही मोडलं होतं. “द्राक्षाच्या वेलाचा तो खांब तेवढा राहिलाय. उद्या काढतो.”

“खांबाला हात लावू नकोस!”

“मग गाडी वळणार कशी? बरं, धुण्याचं मी रविवारचं सांगून टाकलंय. चाळीसच माणसं. मोहल्ल्याचे अध्यक्षसुद्धा येतायत.”

नवी गाडी धुवावी लागते. पाण्याने नाही, पुलावाने. गाडी घेऊन शेजाऱ्यांना जेवायला न घालणाऱ्याची गाडी पहिल्याच वळणावर ठोकते, असं म्हणतात. आणि ती ठोकावी म्हणून निदान चाळीस माणसं मनापासून दुवा करतात.

“पुलाव कोण करणार?” सोदिकने विचारलं.

“कोण म्हणजे? घरात आचारी असताना बाहेरचा आणू? लोक तोंडात शेण घालतील.”

सोदिकच्या छातीत धडधडू लागलं. कढई समोर नसतानाही. त्याने घड्याळ पाहिलं, आत जाऊन वहीत नोंद केली, आणि शुक्रवारचे दहा वाजेपर्यंत किती तास उरले ते मोजले. चाळीस.

गुरुवारी मात्र घात झाला. शेजारचा तोख्तासिन-आका दारात उभा राहिला. हा नळ दुरुस्त करायचा, आणि शहरात त्याची ओळख नाही असं एकही कार्यालय नव्हतं. मिशीत हसत त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला.

“घ्या, सोदिक-आका. उद्या रांगेत उभं राहायचे कष्ट वाचले.”

कागदावर सोदिकचं पूर्ण नाव होतं, वडिलांचं नाव होतं, गोल निळा शिक्का होता, आणि तपासणीअंती सदर व्यक्ती मानसिकदृष्ट्या पूर्णपणे निरोगी आढळली, असं लिहिलं होतं.

“पण... मला न बघताच?”

“तुम्हाला बघून काय करायचंय? मी सांगितलं ना त्यांना, आमचे सोदिक-आका म्हणजे डोंगर आहे डोंगर.”

मुकद्दसने तोख्तासिन-आकाला डोक्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. दाखला काचेच्या कपाटात, चहाच्या चांगल्या पेल्यांना टेकवून उभा केला. आता सोदिक जगातला असा एकमेव आजारी माणूस होता, ज्याला बरा असल्यामुळे डॉक्टरकडे जाता येत नव्हतं.

रात्रभर विचार करून त्याने सकाळी नवं कारण काढलं. “दाखल्यात वडिलांच्या नावाचं एक अक्षर चुकलंय. बदलून आणतो.”

“कुठलं अक्षर?” मुकद्दस काचेकडे निघाली.

“तुला नाही कळायचं, सरकारी असतं ते,” असं म्हणून त्याने दाखला उचलला आणि फाटकाबाहेर पडला. सवयीने त्याने उंबरठ्यासाठी पाय उंच उचलला आणि हवेत पाऊल टाकून धडपडला.

दवाखान्यातल्या बाकावर तो सदऱ्याची कॉलर वर करून बसला. शेजारी बसलेल्या माणसानेही कॉलर वर केली होती. त्याच्या मांडीवर पाईप आवळायचा भलामोठा पाना होता. दोघांनी एकाच वेळी एकमेकांकडे पाहिलं.

“तोख्तासिन-आका?”

“नळ गळतोय इथला,” तोख्तासिन घाईघाईने म्हणाला.

तेवढ्यात नर्स दारातून डोकावली. “तोख्तासिन-आका, तुमच्या महिन्याच्या गोळ्या तयार आहेत. आणि तो पाना घरी ठेवून येत जा हो, नवीन पेशंट घाबरतात.”

मग तोख्तासिनने पाना बाकाखाली ठेवला.

“सहा वर्षं,” तो म्हणाला. “मोहल्ल्यात सगळ्यांना वाटतं इथल्या नळांचं काम माझ्याकडे आहे. एवढे नळ कुठल्या दवाखान्यात असतात, असा प्रश्न अजून कुणाला पडला नाही. तुम्ही? दाखला तर दिला मी.”

“तो तुम्ही दिला म्हणूनच पंचाईत झाली.” सोदिकने हळूच वही दाखवली.

तोख्तासिनने दोन पानं वाचली आणि मिशीवरून हात फिरवला. “माफ करा, सोदिक-आका. मला वाटलं मी उपकार करतोय. एक सांगू? आत गेल्यावर ‘जरा थकवा येतो’ असं म्हणू नका. मी तसं म्हणालो आणि तीन महिने मला थकव्याचं औषध मिळालं. जे होतंय ते सगळं सांगा. आणि बरं वाटायला लागलं म्हणून आपल्या मनाने गोळ्या बंद करू नका. तेही मी करून बघितलंय. महिनाभर अंथरुणातून उठलो नव्हतो.”

“मागे तुम्हाला कावीळ झाली होती ती?”

“कावीळच सांगितली होती.”

डॉक्टर नफीसा करिमोव्हना चष्मा लावून फाइल बघत होत्या. त्यांनी एकदा फाइलकडे आणि एकदा सोदिककडे पाहिलं.

“तुम्ही काल ठणठणीत होतात.”

“काल मी आलो नव्हतो.”

“इथे सही आहे.” त्यांनी चष्मा वर केला. “माझीच आहे.”

हळूहळू त्यांचे कान लाल झाले. गठ्ठ्यातले कागद न बघता सही करायचे दिवस त्या क्षणी संपले, हे त्यांच्या चेहऱ्यावर वाचता येत होतं. त्यांनी दाखला मागून घेतला, त्याचे चार तुकडे केले आणि टेबलाच्या खणात टाकले. “बोला. सुरुवातीपासून बोला.”

सोदिकने वही उघडली. चार महिन्यांत एकवीस वेळा. त्यातल्या एकोणीस वेळा पाणी ओतताना. कमीत कमी आठ मिनिटं, जास्तीत जास्त चौदा. “मी वेडा होतोय का?” हे त्याने शेवटी, वही बंद करून विचारलं.

“वेडा होणारा माणूस मिनिटं मोजत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “ही भीतीची लाट आहे. हिला नाव आहे, औषध आहे. आणि लाट आली की तिच्यातून पळून न जाता उभं कसं राहायचं, हे शिकवता येतं. औषधाचा गुण दिसायला दोनतीन आठवडे लागतील, रविवारपर्यंत चमत्कार व्हायचा नाही. गाडी चालवता का?”

“नाही. पण सगळ्या मोहल्ल्याला वाटतं मी ती घेतोय.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग सोदिकने तीही हकीकत सांगितली, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी त्याच्यासमोर पोट धरून हसलं. त्यालाही हसू आलं.

“माझं नाव वेड्यांच्या सरकारी यादीत जाणार?”

“गोळी घेणाऱ्या प्रत्येकाची यादी केली तर मला कागद पुरणार नाही. इथलं बोलणं इथे राहील. पण घरच्या माणसाला सांगा, आणि पुढच्या वेळी सोबत आणा. कढईपाशी एकट्याने उभं राहू नका.”

घरी आल्यावर सोदिकने फाटक लावून घेतलं, मुकद्दसला पडवीत बसवलं आणि सगळं सांगितलं. चिठ्ठी, छाती, कढई, दाखला. तोख्तासिनचं तेवढं गाळलं. तिने चहा ओतून त्याच्यापुढे सरकवला.

“चार महिने तुम्ही पहाटेपर्यंत कुशी बदलता,” ती म्हणाली. “मी शेजारीच असते ना? मला वाटलं बाहेर काही भानगड आहे. मग लायसन्सचं ऐकलं आणि म्हटलं, चला, निदान यांना कशाची तरी हौस वाटतेय.” तिने ओढणीचा काठ डोळ्यांना लावला. “पुढच्या वेळी मी येईन. आणि रविवारी पाणी मी ओतीन. तुम्ही फक्त ‘थांब’ म्हणा.”

सोदिकच्या खांद्यावरून कुणीतरी भरलेली कढई उतरवून घेतल्यासारखं झालं. “म्हणजे लोकांना कळलं तरी तुला लाज नाही वाटणार?”

“दुखणं आहे, त्यात लाज कसली? हुरियाला मीच सांगेन.” आणि मग मुकद्दसचा हात चहाच्या पेल्यावर तसाच थांबला. चेहऱ्याचा रंग उतरला. “पण अहो... गाडी नाही, हे तिला कोण सांगणार?”

बाहेर गल्लीत हुरियाचा आवाज चढत जवळ येत होता. ती गाडीवर टांगायचे नजरेचे मणी घेऊन येत होती आणि वाटेत भेटेल त्याला दाखवत होती. ओलिमजोन तिच्यासोबत होता, बहुधा खांबासाठी.

मुकद्दस उठली, सोदिकला दंडाला धरून उभं केलं आणि फाटकाकडे ढकललं.

“तुम्हीच सांगा,” ती कुजबुजली. “पण आधी दुखण्याचं सांगा, मग गाडीचं. आजारी माणसाला कुणी मारत नाही.”